पोट उघडून की दुर्बिणीतून?

गेल्या वर्षी श्रावणात दादाच्या मोठ्या आतड्यात कॅन्सरची गाठ निघाली. वय त्रेसष्ट. सांगलीजवळच्या आमच्या गावात त्याची पिठाची गिरणी आहे आणि तोवर पन्नास किलोचं पोतं तो एकटाच उचलत असे. दोन महिने शौचातून रक्त जात होतं. ते त्यानं मूळव्याधीच्या खात्यावर टाकलं होतं. आपल्याकडे बहुतेकजण तिथंच टाकतात. कोलोनोस्कोपी झाली, तुकडा तपासला गेला. सीटी स्कॅनमध्ये यकृत आणि फुप्फुसं स्वच्छ दिसली. ऑपरेशन करायचं यावर सगळ्यांचं एकमत होतं. कसं करायचं यावर नव्हतं.

सांगलीचे सर्जन साठीच्या पुढचे. त्यांनी सरळ सांगितलं, "पोट उघडून करू. तीस वर्षं असंच करतोय. हाताला जे कळतं ते पडद्यावर कळत नाही." पुण्याचे सर्जन चाळिशीतले. ते म्हणाले, "दुर्बिणीतून करू. चार-पाच छोटी छिद्रं, जमलं तर पाच-सहा दिवसांत घरी." खर्चाच्या दोन अंदाजपत्रकांत ऐंशी हजारांचा फरक होता. दादानं दोन्ही कागद माझ्यासमोर ठेवले आणि म्हणाला, "तू आयुष्यभर लोकांच्या जुन्या वह्या वाचत बसलीस. आता माझ्यासाठी हे वाच."

मी डॉक्टर नाही. वाणिज्य शाखेची पदवी, बँकेतली नोकरी, आणि गेली वीस वर्षं पेठेतल्या अडत्यांच्या चोपड्या वाचण्याचा छंद, एवढीच माझी शिदोरी. मोडी स्वतःच शिकले. वैद्यकशास्त्र मला येत नाही, पण खतावणी वाचता येते. आकडा कुणी लिहिला, कशासाठी लिहिला आणि कुणाचं नाव वहीत आलंच नाही, हे पाहायची सवय आहे. दादाच्या ऑपरेशनला अठरा दिवस होते. त्यांतले अकरा मी या विषयावरचे मूळ शोधनिबंध वाचण्यात घालवले. अडलं तिथं भाचीच्या एका पॅथॉलॉजिस्ट मैत्रिणीला फोन केला. तिनं न कंटाळता उत्तरं दिली.

पहिला उलगडा लवकरच झाला. आपण बाहेरून दोन जखमांची तुलना करतो, एक वीतभर लांब आणि दुसरी नखाएवढी. पोटाच्या आत मात्र दोन्ही पद्धतींत करायचं काम एकच असतं. मोठं आतडं साधारण दीड मीटर लांब. पोटाच्या उजव्या बाजूनं ते वर चढतं, जठराखालून आडवं जातं, डाव्या बाजूनं उतरतं, मग इंग्रजी एस अक्षरासारखं वळण घेतं आणि गुदाशयात शिरतं. दादाची गाठ त्या वळणात होती. नुसती गाठ कापून भागत नाही. आतड्याला रक्त पुरवणारी रोहिणी चरबीच्या एका पडद्यातून येते आणि तिच्याच कडेनं लसीका ग्रंथींची साखळी असते. कॅन्सरच्या पेशी पसरू लागल्या की बहुधा आधी या ग्रंथींत उतरतात. म्हणून रोहिणी मुळाशी बांधायची, तो पंख्यासारखा पडदा ग्रंथींसकट काढायचा, गाठीच्या दोन्ही बाजूंचं पुरेसं निरोगी आतडं कापायचं आणि उरलेली दोन टोकं जोडायची. काढलेल्या तुकड्यात किमान १२ ग्रंथी तपासायला मिळाव्यात असा दंडक आहे. त्याहून कमी सापडल्या, तर रोग कितपत पसरला याचा हिशेब कच्चा राहतो. सगळ्यांत मोठी धास्ती असते ती जोड गळण्याची. ती दोन्ही पद्धतींत असते.

दुर्बिणीच्या पद्धतीत पोटात कार्बन डायऑक्साइड भरून ते तंबूसारखं फुगवतात. हाच वायू का, तर तो पेट घेत नाही आणि रक्तात विरघळून श्वासावाटे निघून जातो. एका छिद्रातून कॅमेरा जातो आणि बाकीच्यांतून लांब दांड्याची हत्यारं. रुग्णाला डोक्याकडून खाली कलवतात, म्हणजे लहान आतडं घसरून बाजूला होतं. शेवटी काढलेलं आतडं बाहेर आणायला पाच-सहा सेंटिमीटरचा छेद घ्यावाच लागतो. 'पोट न कापता' हे जाहिरातीतले शब्द आहेत. सांगलीच्या डॉक्टरांनी सांगितलेली हाताच्या स्पर्शाची गोष्ट खोटी नव्हती. लहान गाठ बाहेरून दिसत नाही आणि लांब हत्याराला ती चाचपता येत नाही. यावर उपाय आहे. कोलोनोस्कोपीच्या वेळीच गाठीजवळ आतड्याच्या भिंतीत काळी शाई टोचून ठेवतात, गोंदल्यासारखी. दादाच्या कोलोनोस्कोपीत ती टोचली होती का, हा माझ्या वहीतला पहिला प्रश्न ठरला.

ही पद्धत आली कशी, तेही पाहावंसं वाटलं. १९८० साली जर्मनीतल्या कील इथं कुर्ट झेम या स्त्रीरोगतज्ज्ञानं दुर्बिणीतून ॲपेंडिक्स काढलं. १९८५ मध्ये जर्मनीतच एरिख म्यूहे यांनी पित्ताशय काढलं, १९८७ मध्ये फ्रान्समधल्या लियाँला फिलिप मूरे यांनी. भारतातला मान मुंबईचा. डॉ. तेहेमटन उदवाडिया १९७२ पासून निदानासाठी पोटात दुर्बीण घालत होते. १९९० साली त्यांनी जे. जे. रुग्णालयात दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. हे तंत्र श्रीमंतांचे चोचले आहेत असं तेव्हा मानलं जाई. हातावर पोट असलेल्या माणसाला लवकर कामावर जायची गरज अधिक, त्यामुळे ते गरिबालाच जास्त उपयोगी, अशी त्यांची मांडणी होती. पोतं उचलणाऱ्या माणसाच्या बहिणीला ती पटणारच.

पित्ताशयानंतर मोठ्या आतड्याची पाळी आली. १९९१ मध्ये अमेरिकेतल्या मायामीच्या मोइसेस जेकब्स आणि सहकाऱ्यांनी दुर्बिणीच्या मदतीनं केलेल्या पहिल्या शस्त्रक्रियांची नोंद छापली. उत्साह वाढला आणि तीनच वर्षांत त्यावर पाणी पडलं. १९९४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये नेदरलँड्सच्या सर्जनांचं एक छोटं पत्र आलं. कॅन्सरसाठी दुर्बिणीतून ऑपरेशन केलेल्या त्यांच्या १४ रुग्णांपैकी तिघांच्या पोटाच्या कातडीखाली, छिद्रांच्या जागी, कॅन्सर पुन्हा उगवला होता. वायूच्या दाबानं पेशी उडून छिद्रांत रुजतात का? की गाठ अरुंद छेदातून ओढून काढताना पेशी कडांना चिकटतात? तर्क बरेच झाले. अमेरिकेतल्या मोठ्या आतड्याच्या सर्जनांच्या संघटनेनं त्याच वर्षी भूमिका घेतली की कॅन्सरसाठी ही पद्धत पद्धतशीर अभ्यासाबाहेर वापरू नये. इंग्लंडच्या 'नाइस' या सरकारी सल्लागार संस्थेनंही २००० साली असंच सांगितलं. सर्जनांचा एक अख्खा वर्ग हातात नवं हत्यार असून थांबला, ही गोष्ट मला या साऱ्या इतिहासात सर्वांत आदराची वाटते.

थांबून त्यांनी चाचण्या केल्या. रुग्ण मान्य करेल तर चिठ्ठी टाकावी तशी त्याची पद्धत ठरवायची, कुणाच्या आवडीनं ठरवायची नाही, आणि मग दोन्ही गटांचा पाच-पाच वर्षं पाठपुरावा करायचा. बार्सिलोनाच्या एका रुग्णालयातली २१९ रुग्णांची चाचणी २००२ मध्ये छापली गेली. तीत दुर्बीण उजवी ठरली. मात्र रुग्णालय एकच होतं आणि सर्जन निष्णात. कौल दिला तो २००४ च्या अमेरिकी चाचणीनं. ती 'कॉस्ट' या नावानं ओळखली जाते. ४८ संस्था, ८७२ रुग्ण. तीन वर्षांत कॅन्सर उलटला तो दुर्बिणीच्या गटात १६ टक्के आणि उघड्या गटात १८ टक्के रुग्णांत. जगले ८६ आणि ८५ टक्के. जखमेच्या जागी कॅन्सर उगवण्याचं प्रमाण दोन्हीकडे १ टक्क्याहून कमी. पाठोपाठ ब्रिटनची ७९४ रुग्णांची 'क्लासिक' आणि युरोपातली १२४८ रुग्णांची 'कलर' आली. आयुर्मानाच्या बाबतीत सूर तोच राहिला. २००६ मध्ये 'नाइस'नं आपला सल्ला बदलला.

आता यातली एक मेख. या चाचण्यांनी 'दुर्बीण चांगली का?' हे विचारलं नव्हतं. 'ठरवलेल्या मर्यादेपेक्षा जास्त वाईट तर नाही ना?' एवढंच विचारलं होतं. दोन्ही प्रश्नांची उत्तरं वेगळी असतात आणि शब्दांत गफलत होते. २०१७ मध्ये छापलेली १०५७ रुग्णांची जपानी चाचणी घ्या. पाच वर्षांनी उघड्या गटातले ९०.४ टक्के जिवंत होते आणि दुर्बिणीच्या गटातले ९१.८ टक्के. तरी निष्कर्षात लिहिलं आहे की दुर्बीण 'कमी नाही' हे सिद्ध झालं नाही. मी ते वाक्य तीनदा वाचलं. कारण असं, की दोन्ही गटांत अपेक्षेपेक्षा फारच कमी माणसं दगावली आणि आकडेशास्त्राला खात्री द्यायला पुरेसे मृत्यूच मिळाले नाहीत. 'सिद्ध झालं नाही' म्हणजे 'वाईट आहे' असं कुणी सांगू लागलं, तर ही चाचणी आठवावी.

मग फायदा काय? 'कॉस्ट'मध्ये रुग्णालयातला मुक्काम ६ ऐवजी ५ दिवस झाला, इंजेक्शनची तीव्र वेदनाशामकं ४ ऐवजी ३ दिवस लागली. ऑपरेशनला ९५ ऐवजी १५० मिनिटं लागली. एक दिवस कमी, पाऊण-एक तास जास्त. जाहिरातीतली पुसट व्रणरेषा पाहून जी अपेक्षा होते, तिच्यामानानं हा फरक माफकच म्हणायचा.

तोही फरक दुर्बिणीचाच असतो का, याबद्दल डेन्मार्कच्या हेन्रिक केहलेट यांनी शंका उभी केली. आतडं कापलेल्या रुग्णाला दिवसेंदिवस उपाशी ठेवायचं, नाकात नळी ठेवायची, अंथरुणात झोपवायचं, ही रीत त्यांनी मोडली. पाठीच्या कण्यातून वेदनाशमन, त्याच दिवशी उठवून बसवणं, लगेच पाणी आणि अन्न. २००० साली त्यांच्या चमूनं ६० रुग्णांचा अहवाल दिला: पोट उघडून ऑपरेशन, आणि मुक्कामाची मध्यसंख्या २ दिवस! २००५ मध्ये त्यांनी आणखी ६० रुग्ण घेतले आणि कुणावर कोणती पद्धत वापरली हे रुग्णालाही कळू दिलं नाही, तपासणाऱ्यांनाही नाही. दोन्ही गट पुन्हा २ दिवसांतच घरी. असा प्रयोग शेफील्डला १९९६ मध्येच पित्ताशयाच्या २०० रुग्णांवर झाला होता. लहान छेदाच्या आणि दुर्बिणीच्या रुग्णांच्या पोटावर एकसारखी पट्टी बांधली, तेव्हा बरं होण्याच्या वेगातला फरक दिसेनासा झाला. जखम दिसली की डॉक्टर, परिचारिका, घरचे आणि खुद्द रुग्ण सगळे तिच्या लांबीनुसार वागतात, असा मी त्याचा अर्थ लावला. पुढं नेदरलँड्समधल्या ४०० रुग्णांच्या चाचणीत दोन्ही गोष्टी एकत्र केल्या, तेव्हा सर्वांत कमी मुक्काम दुर्बीण आणि केहलेटची रीत मिळून आला: ५ दिवस. उघड्या शस्त्रक्रियेच्या जुन्या रीतीला ७ लागले. तेव्हा सर्जन कोणतीही पद्धत वापरो, दुसऱ्या दिवशी तुमच्याकडे खायला काय देतात आणि चालवतात का, हे विचारायलाच हवं. हा प्रश्न आम्हाला दोन्ही ठिकाणी आपणहून कुणी सांगितला नव्हता.

इथवर वाचून मला वाटलं, फरक पडत नाही तर जवळचं आणि स्वस्तातलं बरं. पण चोपड्यांची सवय आडवी आली. वहीत कोण नाही?

'कॉस्ट'मध्ये आडव्या आतड्याच्या गाठी घेतल्या नव्हत्या आणि गुदाशयाच्याही नाहीत. आतडं तुंबलेले किंवा फाटलेले रुग्ण नव्हते. आधीच्या ऑपरेशनमुळे पोटात फार चिकटलेलं असेल असे रुग्णही वगळले होते. 'कलर'नं बेताबाहेरच्या लठ्ठ माणसांना घेतलं नाही. माझी नजर त्या चिकटलेल्या पोटावर अडली. दादा अठ्ठावीस वर्षांचा असताना त्याच्या जठरातला अल्सर फुटला होता आणि मध्यरात्री मिरजेला पोट उघडलं होतं. तो व्रण छातीच्या खालपासून बेंबीपर्यंत अजून स्पष्ट आहे. म्हणजे चाचणीतला सरासरी रुग्ण आणि माझा भाऊ एक नव्हते.

दुसरी गोष्ट सर्जनांची. 'कॉस्ट'मध्ये भाग घ्यायला सर्जननं अशी किमान २० ऑपरेशनं केलेली असावी लागत आणि एका ऑपरेशनचं चित्रीकरण तपासायला द्यावं लागे. अशा निवडलेल्या हातांचे हे आकडे. क्लीव्हलँडच्या ९०० रुग्णांच्या एका अभ्यासात हात बसायला उजव्या बाजूच्या आतड्यासाठी ५५ आणि डाव्या बाजूसाठी ६२ ऑपरेशनं लागतात असा अंदाज निघाला. वीस म्हणजे सुरुवातच.

तिसरी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटली. दुर्बिणीनं सुरू केलेलं ऑपरेशन मध्येच थांबवून पोट उघडावं लागतं, कारण गाठ आजूबाजूला चिकटलेली असते, रक्त थांबत नाही किंवा काही दिसतच नाही. 'कॉस्ट'मध्ये असं २१ टक्के वेळा झालं, 'क्लासिक'मध्ये २९ टक्के. 'क्लासिक'च्या पहिल्या वर्षी हे प्रमाण ३८ टक्के होतं, सहाव्या वर्षी १६. त्याच सर्जनांचा हात बसत गेला तसतसा आकडा उतरला. दक्षिण कोरियातल्या गुदाशयाच्या चाचणीत तो १.२ टक्के इतका खाली होता. आणि 'क्लासिक'मध्ये पोट उघडावं लागलेल्या रुग्णांना गुंतागुंत जास्त झाली. त्यांच्या गाठी मुळातच अवघड असतील हे खरं, पण वेळेवर निर्णय न घेता तासन् तास झगडत राहणंही महागात पडत असणार. या रुग्णांचा हिशेब मांडायची रीतही लक्षात ठेवण्याजोगी आहे. चिठ्ठीत दुर्बीण आलेला रुग्ण मध्येच पोट उघडलं तरी दुर्बिणीच्याच रकान्यात मोजला जातो. तसं केलं नाही, तर अवघड रुग्ण उघड्या रकान्यात ढकलून दुर्बीण चकचकीत दाखवता येईल. हिशेबनीस माणसाला पटणारा नियम.

गुदाशयाबद्दल वेगळं लिहायला हवं, कारण आपल्याकडे मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये गुदाशयाचा वाटा पाश्चात्त्य देशांपेक्षा मोठा दिसतो आणि रुग्णही तुलनेनं तरुण असतात. गुदाशय ओटीपोटाच्या हाडांच्या अरुंद कोंदणात बसलेला, शेजारी लघवीच्या आणि लैंगिक कार्याच्या नसा. इंग्लंडमधल्या बेझिंगस्टोकच्या बिल हील्ड यांनी १९८२ मध्ये दाखवून दिलं की गुदाशय त्याच्याभोवतीच्या चरबीच्या आवरणासकट, ते न फाडता काढला, तर त्या जागी कॅन्सर उलटणं खूप कमी होतं. आवरण अखंड राहिलं का आणि कडा कॅन्सरमुक्त आहे का, यावर सगळं ठरतं. 'क्लासिक'मध्ये गुदाशयाचा वरचा भाग काढलेल्या रुग्णांत कडेवर कॅन्सर सापडला तो दुर्बिणीच्या गटात १२ टक्के आणि उघड्या गटात ६ टक्के. २०१५ मध्ये एकाच वर्षी तीन मोठ्या चाचण्यांचे आकडे आले. युरोपातल्या चाचणीत १०४४ रुग्णांपैकी दोन्ही गटांत ५ टक्क्यांना त्या जागी कॅन्सर उलटला, म्हणजे बरोबरी. अमेरिकेतल्या ४८६ रुग्णांच्या चाचणीत मात्र नमुना नीट निघण्याचं प्रमाण दुर्बिणीत ८१.७ आणि उघड्यात ८६.९ टक्के आलं. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये ८२ आणि ८९. दोन वर्षांनंतरच्या पाठपुराव्यात जगण्यात ठळक फरक दिसला नाही. तरीही खालच्या गुदाशयाची गाठ, अरुंद ओटीपोटाचा पुरुष आणि जाड शरीर असं एकत्र आलं, तर मी दादाच्या जागी असते तरी सर्जनचा अनुभव दहादा विचारला असता. रोबो हे त्यावरचं उत्तर म्हणून पुढं केलं जातं. २०१७ च्या ४७१ रुग्णांच्या चाचणीत पोट उघडावं लागण्याचं प्रमाण साध्या दुर्बिणीत १२.२ आणि रोबोत ८.१ टक्के आलं. हा फरक योगायोगाचाही असू शकतो असं संशोधकच म्हणाले. खर्च मात्र योगायोगाचा नसतो.

आणि 'आतड्यात चाललं म्हणून सगळीकडे चालेल' हेही खरं नाही. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवर २०१८ मध्ये ६३१ स्त्रियांची चाचणी छापली गेली. साडेचार वर्षं रोगाविना राहिलेल्या स्त्रिया पोट उघडलेल्या गटात ९६.५ टक्के, दुर्बीण किंवा रोबोच्या गटात ८६. अनेक वर्षं सर्रास चाललेली पद्धत त्यामुळे बऱ्याच देशांत मागं घ्यावी लागली. प्रत्येक अवयवाची वही वेगळी.

अकरा दिवसांनी माझ्याकडे दादासाठी उत्तर नव्हतं, पाच प्रश्न होते. शाई टोचली आहे का? अशा जागेची किती ऑपरेशनं तुम्ही गेल्या दोन वर्षांत केलीत? त्यांत किती वेळा पोट उघडावं लागलं? दादाच्या जुन्या व्रणाचं काय करणार? आणि पुढच्या दिवशी खायला काय? दादाबरोबर मी दोन्ही डॉक्टरांकडे गेले. असे प्रश्न विचारलेले आवडतील का, अशी धाकधूक होती. सांगलीचे डॉक्टर थोडे हसले आणि म्हणाले, अशा गाठी वर्षाला सहा-सात येतात; जुना व्रण असल्यामुळे मी उघडूनच करणार, आणि गॅस सुटेपर्यंत तोंडानं काही देणार नाही. प्रामाणिक उत्तर होतं. पुण्याच्या डॉक्टरांनी वही काढून गेल्या वर्षीचा आकडा दिला. दर दहांत एकदा पोट उघडतो, म्हणाले. व्रणाबद्दलचं त्यांचं उत्तर मी शब्दशः लिहून ठेवलं आहे: "व्रणापासून लांब, डाव्या बाजूनं कॅमेरा घालून बघेन. चिकटलेलं फार असेल तर तासाभरात उघडेन. तिथं हट्ट करणार नाही." शाई टोचली नव्हती. गाठ मोठी आहे, सीटीत जागा पक्की दिसते, म्हणून चालेल असं ते म्हणाले.

मी दादाला म्हटलं, दोघांचं म्हणणं बरोबर आहे, पण दुसऱ्यांनी थांबायचं कधी हेही सांगितलं. शिवाय मोठ्या छेदाच्या जागी हर्निया होण्याची भीती आणि तुझी पोती. त्यानं गिरणीतल्या पोरांना बोलावून पुढचे तीन महिने कोण काय उचलेल ते ठरवलं आणि पुण्याला जायचं म्हणाला.

ऑपरेशन सकाळी साडेआठला सुरू झालं. साडेदहाच्या सुमारास एक डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले की लहान आतडं जुन्या व्रणाला आणि गाठीजवळ चिकटलेलं आहे, पोट उघडतोय. वहिनींनी माझा हात धरला. "म्हणजे बिघडलं का हो?" मी म्हटलं, "नाही वहिनी. ते म्हणाले होते ना, हट्ट करणार नाही." मला स्वतःला मात्र 'क्लासिक'मधला तो तक्ता डोळ्यांसमोर दिसत होता. ऐंशी हजारांचाही विचार आला, हे खोटं कशाला सांगू. बिलात एकदाच वापरायची हत्यारं लागलीच होती.

दादा नऊ दिवस तिथं होता. दुसऱ्या दिवशी त्याला खुर्चीत बसवलं, पेज दिली, तिसऱ्या दिवशी मार्गिकेत चालवलं. सहाव्या दिवशी जखमेच्या खालच्या टोकाला पू झाला. दोन टाके काढून ती साफ करावी लागली. जोड गळला नाही. दहा दिवसांनी तपासणीचा कागद आला: कडा मोकळ्या, १९ ग्रंथी तपासल्या, त्यांतल्या दोहोंत कॅन्सर. म्हणजे केमोथेरपी लागणार होती. ती कोणत्याही पद्धतीनं लागलीच असती, हे मी वहिनींना दोन-तीनदा सांगितलं.

केमोच्या पहिल्या फेरीनंतर गिरणीच्या ओट्यावर बसून दादानं मला विचारलं, "तुझ्या त्या वहीत मग मी कुठल्या रकान्यात?" मी म्हटलं, "दुर्बिणीच्या." त्यानं सदरा वर करून छातीपासून खाली गेलेला टाक्यांचा व्रण पाहिला, जुन्यालाच जोडून नवा. "अरे वा," म्हणाला आणि सदरा खाली ओढला. पुढच्या फेरीची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवायला त्यानं माझ्याकडून पेन घेतलं.